हात न्हाई, पुठ्ठा

मशीनजवळ आले की मामा आधी शर्टाच्या खिशात हात घालायचे. पाने, पकड, हातोडी सगळं खांद्याच्या पिशवीत असायचं, पण खिशातून निघायचा तो पुठ्ठ्याचा तुकडा. बुटाच्या खोक्याचा नाहीतर मिठाईच्या डब्याचा, पोस्टकार्डाएवढा. तो धरून ते तेलाच्या पाईपाच्या कडेकडेनं सरकायचे, श्वास रोखून, जसा काही तो पाईप झोपलाय आणि जागा झाला तर चावेल. मध्येच कुणी सहज हात पुढं केला, की एवढासा बारका माणूस, पण असा ओरडायचा की बांधावरचे बैल मान वर करायचे.

“हात न्हाई! पुठ्ठा!”

भित्री माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. पण भित्रा फिटर पाहिलाय का? आम्ही पाहिला. सुरुवातीला मीसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची.

मामा दौंडचे. सकाळच्या एसटीनं शिरूरकडं यायचे, पण खिडकीशी कधी बसायचे नाहीत. समोरून येणाऱ्या ट्रकनं कुणाचा तरी कोपर नेल्याचं त्यांनी कधीतरी ऐकलं होतं. आले की “जय भीम, ताई” म्हणायचे, पाणी प्यायचे, आणि मशीनकडं न जाता आधी लांबून त्याच्याकडं बघत बसायचे. मी विचारायची, “मामा, काय बघताय?”

“आज त्याच्या मनात काय हाय त्ये बघतो,” म्हणायचे. “मला भ्या वाटतं त्याचं.”

बाप्यामाणसाच्या तोंडून ‘मला भ्या वाटतं’ हे एवढं सरळ मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. लाजबीज काही नाही. जसं कुणी म्हणावं, मला भूक लागली.

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. विचारलं तर दर वेळी नवं उत्तर. आमच्या ह्यांना सांगितलं, उंदरानं नेली. मला म्हणाले, “लग्नात सासऱ्याला आहेर केली, ताई. त्यांनी परत न्हाई दिली.” आम्ही हसायचो, तेही हसायचे, आणि तो हात टॉवेलाखाली जायचा.

आता मशीनचं सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसतंच पाल्हाळ लावते. रांजणगावला कंपन्यांचे प्लॉट सपाट करायचं काम चाललं होतं, तेव्हा आमचे हे एका ठेकेदाराकडं छोटा लोडर चालवायचे. छोटा म्हणजे मोटारीएवढा. पुढं दोन पोलादी हात, आणि जागच्या जागी भिंगरीसारखा फिरणारा. काम संपलं, ठेकेदार निघाला, आणि त्याचा तो जुना लोडर आम्ही घेतला. बौद्धवाड्यात मशीन आलं, असं गावात म्हणाले. कुणी कौतुकानं म्हणाले, कुणी दुसऱ्या सुरात.

मला त्या मशीनचं वेड वेगळ्याच कारणानं होतं. मी दगड वेचणारी बाई. आमच्याकडं माळरान उदंड. मोठे शेतकरी माळ फोडून वावर करायचे तेव्हा दगड वेचायला आम्हा बायकांना रोजानं बोलवायचे. लहानपणी मी आईबरोबर वेचले, लग्नानंतर सासूबरोबर वेचले. पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची, बांधावर ओतायची. चैत्रात दगड तव्यासारखे तापलेले असायचे. बोटांची कातडी इतकी घासली गेली की रेशनच्या दुकानात अंगठा दिला तर कागदावर नुसता शाईचा ठिपका उठायचा, रेघाच नाहीत. दुकानदार म्हणाला, हा अंगठा चालायचा नाही. म्हणून मी सही शिकले. सही गिरवता गिरवता बाकीची अक्षरं शिकले. खोटं नाही सांगत.

तर मी ह्यांच्या मागं लागले, मशीनला दगड उचलणारा पंजा लावा. आमच्या सात पिढ्यांनी वाकून वेचले, आता मशीन वाकू दे.

कुणीतरी मामांचं नाव सांगितलं. त्यांना घेऊन आम्ही भोसरीकडच्या एका यार्डात गेलो. तिथं आठ-दहा पंजे मांडून ठेवले होते. खाली जाडजूड दातांची फणी, वर मिटणारा जबडा. मला सगळ्यांत मोठा आवडला. पिवळाजर्द, सहा फुटी. विकणारा म्हणाला, “मॅडमची नजर चांगली आहे.”

मामा त्याच्याभोवती दोनदा फिरले. “ह्याचं सोताचं वजन किती?”

“वजनदार आहे मामा, म्हणून तर मजबूत.”

“मजबूत हाय वो. पर आमचं मशीन बारकं. ह्यालाच उचलण्यात त्याची ताकद संपली, तर दगड काय तुमी धरनार?”

माणूस हसला. मामा हसले नाहीत. ते आमच्या ह्यांच्याकडं वळले. “दगड वर गेला आन् मागची चाकं उचलली, तर आत बसलेल्यानं जायचं कुठनं? तुमच्या मशीनचं दार फुडून हाय. त्याच दोन हातांच्या मधनं. मला भ्या वाटतं, मालक. तुमास्नी वाटत न्हाई का?”

हे पिवळ्या पंजापासून मागं सरले. तोवर मला मशीनमध्ये फक्त दगड दिसत होते. आत बसणारा माझा माणूस दिसला तो त्या दिवशी.

मग मामांनी कोपऱ्यातला एक अरुंद, रंग उडालेला पंजा काढायला लावला. त्याच्या पिना हलवून बघितल्या, प्रत्येक पिनेला ग्रीस भरायचं तोंड आहे का ते बघितलं, तेलाच्या पाईपांवर लोखंडी पत्र्याचं झाकण आहे का ते बघितलं. जबडा एक नको, दोन वेगवेगळे मिटणारे पाहिजेत, म्हणाले. दगड काय विटेसारखा चौकोनी नसतो. एक जबडा उंच टेकला तरी दुसरा खाली धरतो. मग मला हाक मारली.

“ताई, दगडं तुमी येचलीत. केवढा उचलायचा आन् केवढा वावरात सोडायचा?”

मी मूठ दाखवली. मुठीपेक्षा मोठा तो उचलायचा, लहान असू द्यायचा.

“घाला मूठ त्या दातांच्या मधी.”

मी घातली. अडकली. मामा खूश झाले. “ह्योच. माती गळंल, दगड ऱ्हाईल.”

विकणारा म्हणाला, “मामा, एवढं तर कुणी पोरगी बघताना बघत नाही.”

“पोरगी अंगावर पडत न्हाई,” मामा म्हणाले.

असा तो पंजा माझ्या मुठीच्या मापानं घरी आला.

मग मामांनी आम्हा दोघांना शिकवायला सुरुवात केली. रोज सकाळी पिनांना ग्रीस, आतलं जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. दातांच्या बुडाशी वेल्डिंगला केसाएवढी चीर गेली का बघायचं, ओल्या फडक्यानं पुसून, उन्हाकडं धरून. पाईप जोडताना दोन्ही तोंडं स्वच्छ पुसायची. मातीचा एक कण आत गेला तरी तो सगळ्या मशीनभर हिंडतो. आणि काम थांबलं की आधी पंजा भुईला, मग माणूस खाली. मशीन बंद केल्यावरसुद्धा पंजा चालवायचा दांडा दोनदा पुढं-मागं हलवायचा, आत कोंडलेला जोर निघून जायला. शेवटी मामा मान तिरपी करून उभे राहायचे आणि ह्यांना सांगायचे, “उघडा. मिटा. उघडा.” पंजा उघडमिट करायचा आणि मामा नुसतं ऐकायचे.

ज्यांच्या माळावर आमचं काम चालायचं ते आबा मोठे चेष्टेखोर. बांधावरून ओरडायचे, “मामा, दगडाला बी इचारून घ्या, दुखतंय का!”

“त्याला दुखत न्हाई म्हनून तर भ्या वाटतं, आबा,” हे उत्तर ठरलेलं.

आता त्या दिवसाचं सांगते.

उन्हाळ्याचे दिवस. आबांच्या माळावर पाईपलाईनचा चर खणायचा होता आणि वाटेत मोठे दगड होते. मामा सकाळीच आले होते. पुठ्ठा फिरवला, आणि पंजाच्या डाव्या पाईपापाशी थांबले. मला जवळ बोलावून पुठ्ठा दाखवला. त्यावर तेलाची रेघ होती, केसाएवढी, आणि त्या रेघेवर पुठ्ठा ब्लेडनं कापावा तसा चिरला होता. मी पाईपाकडं बघितलं. मला तर काहीच दिसेना.

“दिसतंय का? न्हाई दिसत,” मामा कुजबुजल्यासारखं म्हणाले. “पर त्ये हाय. सुईवानी.”

पाईप बदलायला पाहिजे होता. मामांनी सुतळीनं माप घेतलं. जुना पाईप काढला नाही. मशीन उघड्या तोंडानं धूळ खाईल म्हणाले. पंजा भुईला टेकवला, मशीन बंद केलं, आणि शिरूरला निघताना माझ्यापाशी आले. “म्या येस्तोवर कुनी चालवायचं न्हाई. हात लावायचा न्हाई. ताई, तुमच्यावर सोडून चाललोय.”

मी म्हणाले, “जावा मामा, निवांत जावा.”

तासाभरानं आबा आले. चरावरची माणसं एका दगडापाशी अडून बसली होती. “बाई, एवढा येक उचला. धा मिंटाचं काम.”

मी म्हणाले, “मामा न्हाई म्हनलेत.”

“मामा काय, पाण्याच्या पेल्याला बी भितोय! तुमी मशीनच्या मालकीन का मामा?”

हे माझ्याकडं बघत होते. मी जर नाही म्हणाले असते तर ते जागचे हलले नसते. पण बघा, ज्या माणसाच्या वावरात मी डोक्यावर पाटी वाहिली तो मला मालकीण म्हणाला, आणि माझी मान ताठ झाली. मी म्हणाले, “उचला एवढा एक.”

एक म्हणता म्हणता तीन उचलले. तिसऱ्या वेळी दगड कंबरेएवढा वर होता आणि मला वाटलं, पत्र्याच्या कडेला पाईप ओला दिसतोय. मी पुढं झाले आणि हातानं चाचपलं. उजव्या हातानं. जन्मभर मी सगळं हातानंच बघत आले. भाकरी भाजली का, पोराला ताप आहे का, दगड सुटला का, हातच सांगतो. मामांचं बोलणं मला तोंडपाठ होतं, पण ते हाताला कुठं ठाऊक!

बाभळीचा काटा टोचावा तसं झालं. तर्जनीच्या दुसऱ्या पेराला. मी “आई गं” म्हणून हात झटकला. बघितलं तर एक ठिपका. तिळाएवढा. रक्तसुद्धा नाही. आबा हसले, चरावरच्या बायका हसल्या, मीही हसले. आबांच्या कारभारणीनं घरातून हळद आणून लावली. बोट बधिर झालं, म्हटलं बरं झालं, दुखत तर नाही. आणि काम पुढं चालू.

मामा आले तेव्हा नवा पाईप त्यांच्या गळ्यात हारासारखा होता. लांबूनच मशीनचा आवाज ऐकून ते पळत आले असावेत. छाती वरखाली होत होती. ह्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या बोटावरची हळद दिसली.

“ह्ये काय?”

“काय न्हाई मामा. टोचलं काहीतरी.”

त्यांनी माझा हात न धरता, वाकून नुसता बघितला. “पाईपाला लावला?”

मी हात पदराखाली घेतला.

“किती येळ झाला?”

“दीड तास असंल.”

“दुखतंय?”

“न्हाई वो. उलट बधिर झालंय.”

‘दुखत नाही’ ऐकल्यावर मामा मटकन खाली बसले. मातीत. मला अजून दिसतात ते तसे बसलेले. मी दुखतं म्हणाले असते तर बरं, असा त्यांचा चेहरा झाला होता. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. हातामुळं नाही, त्या चेहऱ्यामुळं.

मग ते उठले ते वेगळेच मामा. ह्यांना म्हणाले, “मोटरसायकल काढा. आधी पंजा भुईला!” कारण पंजात अजून एक दगड हवेत होता. मला म्हणाले, “हात वर धरा. चोळायचा न्हाई. बांगड्या काढा.”

बांगड्या निघेनात. हाताचा पंजा सुजायला लागलाच होता. मामांनी पकड काढली. आबांची कारभारीण किंचाळली, “अवो, मालक समोर उभं हायती तिचं! सवाष्णीच्या बांगड्या कशा वाढवता?”

“काकी, हात सुजून त्या आत रुतल्या तर हातच न्हाई ऱ्हायचा,” मामा म्हणाले, आणि पकड ह्यांच्या हातात दिली. “तुमी वाढवा, मालक. म्हंजी कुनाला काय वाटायचं न्हाई.”

ह्यांनी पकड लावली. सहा हिरव्या बांगड्या. एकेक कट्कन तुटायची आणि बायका तोंडाला पदर लावायच्या. नवरा समोर जिवंत उभा राहून बायकोच्या बांगड्या फोडतोय, हे त्या माळावर कुणी कधी बघितलं नव्हतं. आबा आता हसत नव्हते.

मोटरसायकलवर आम्ही तिघं. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ठिपका बघितला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, मलम लिहिलं आणि म्हणाले, उद्या सूज राहिली तर दाखवा.

“सायेब, टोचलेलं न्हाई, आत घुसलंय,” मामा म्हणाले. “प्रेशरचं तेल हाय. हात उघडून धुवावा लागतो. आजच.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

मामांनी टॉवेल बाजूला केला आणि डावा हात टेबलावर ठेवला. “न्हाई सायेब. पेशंट हाय.”

डॉक्टर त्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी मलमाचा कागद फाडला आणि पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली.

पहिली पाळी सुटायची वेळ होती. नगर रोडवर कंपन्यांच्या बसगाड्या पुण्याकडं निघाल्या होत्या. मामांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून एक थांबवली. जो माणूस एसटीत खिडकीशी बसत नव्हता तो बससमोर उभा! ड्रायव्हर खवळला. “मरायचंय का? कंपनीची गाडी हाय, भायेरचं मानूस चालत न्हाई.”

आतून एक यूपीवाला कामगार डोकावला. त्यानं माझा वर धरलेला हात बघितला. “क्या हुआ?”

“हायड्रॉलिक का तेल,” मामा म्हणाले. “उंगली में.”

तो उठून उभाच राहिला. “बिठाओ, उस्ताद! जल्दी! हमारे प्रेस शॉप में एक का...” एवढं म्हणाला आणि माझ्याकडं बघून थांबला. त्यानं वाक्य पुरं केलं असतं तर मी कमी घाबरले असते.

आम्हाला बसवलं. शिक्रापूर आलं. तिथं उतरणारी पाच-सहा माणसं होती, रोजची. कुणी उठलं नाही. ड्रायव्हरनं आरशात बघितलं, आणि गाडी थांबवली नाही. वाघोलीलाही तसंच. ती माणसं नंतर कशी घरी गेली मला माहीत नाही. नावंसुद्धा माहीत नाहीत.

आता हात ठणकायला लागला होता. बोट गारेगार आणि पांढरं, आणि त्याच्या मागं तळहातात कुणीतरी आतून हातोडी मारतंय. मला तहान लागली. कुणीतरी बाटली पुढं केली, मामांनी ती परत केली. “पानी न्हाई, ताई. बेशुद्ध करतील, पोट रिकामं पायजे.” मी हाताकडं बघत होते. म्हटलं, ह्याच हाताला आत्ता कुठं अक्षर आलं, आणि आता.

मामा माझ्या शेजारी, खिडकीशी बसले होते. आपलं आपण बोलावं तसं बोलत होते. “म्या तवा हसलो हुतो. कंपनीत. असाच ठिपका. दोस्त म्हनले, डास चावला. चिकटपट्टी लावली आन् पाळी पुरी केली. तिसऱ्या दिवशी बोटं काळी पडली. मंग घाबरून काय उपेग?” जरा थांबून म्हणाले, “म्या पाईप काढून न्यायला पायजे हुता. सुतळीनं माप घेत बसलो. चूक माजी हाय.”

“मामा, मीच सांगितलं उचला म्हणून.”

“पाईप नसता तर कसा उचलला असता?”

पुण्यापर्यंत त्यांचं हेच. पाईप न्यायला पाहिजे होता. मला एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

हॉस्पिटलात हात उघडला. तेल तळहाताच्या मध्यापर्यंत गेलं होतं, असं ह्यांना सांगितलं. धुतला, उघडाच ठेवला, दोन दिवसांनी परत धुतला. ते दोन दिवस माझ्या हातावर पांढरा गठ्ठा बांधलेला, आणि त्याच्या आत किती बोटं आहेत हे विचारायची मला हिंमत नव्हती. डोळे मिटून मी एकेक हलवायचा प्रयत्न करायची आणि कुठलं हललं ते कळायचं नाही. मामा बाहेरच्या बाकड्यावर होते. नर्सनं सांगितलं, ते बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, बोटाचा रंग कुठला आहे?

पाची राहिली. तर्जनीचं टोकाचं पेर तेवढं वाकत नाही. ही लेखणी मी त्याच्यामुळं जरा वाकडी धरते.

त्यानंतर मामा आले की आधी मशीनकडं बघायचे नाहीत, माझ्याकडं यायचे. “मूठ वळा, ताई. उघडा. वळा.” मान तिरपी करून बघायचे, जसं पंजाचं ऐकायचे. एक पेर बाहेर राहायचं. ते दर वेळी त्या पेराकडं जरा जास्त वेळ बघायचे, मग म्हणायचे, “चालतंय.” आणि पाईप बदलायचा असला की आता जुना काढून गळ्यात घालूनच शिरूरला जायचे, मशीन आठवडाभर उभं राहिलं तरी चालेल. आबांच्या खिशातही पुठ्ठा दिसायला लागला. विड्यांच्या बंडलाशेजारी. कुणी हसलं की म्हणायचे, “हसू नगं. त्या बाईच्या बांगड्या म्या बघितल्यात.”

काही वर्षांनी मामांचं येणं थांबलं. निरोप आला की अर्धांग झालंय, वाचा गेलीय. आम्ही दौंडला गेलो. रुळांच्या पलीकडं दोन खोल्यांचं घर. लेक करत होती त्यांचं. म्हणाली, “कुनालाच वळखत न्हाईत वो. नुसतं वर बघत्यात. मला वाटतं, भेत्यात.”

खरंच भीत होते. डोळे छपराकडं, उघडेच्या उघडे. इतक्या वर्षांत मामांना भ्यायलेलं मी शंभरदा बघितलं होतं, पण तेव्हा तोंडानं सांगता येत होतं त्यांना. आता ते सगळं आत कोंडलं होतं. मी “जय भीम, मामा” म्हणाले, डोळे हलले नाहीत. हे म्हणाले, चल, त्रास नको.

मग मला सुचलं ते मी केलं. उजवा हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मूठ वळली. उघडली. वळली.

डोळे खाली आले. हातावर थांबले. टोकाचं पेर नेहमीसारखं बाहेर राहिलं होतं, आणि मामा त्याच्याकडं बघत होते, जरा जास्त वेळ. मी परत उघडली, परत वळली. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. किती वेळ मी तशी उघडमिट करत बसले कोण जाणे. हात भरून आला तेव्हा बघितलं, तर त्यांनी डोळे मिटले होते आणि श्वास संथ चालला होता. लेक म्हणाली, किती दिवसांनी झोपले. त्याच आठवड्यात गेले.

लोडर आम्ही नंतर विकला. घेणाऱ्याला पंजा नको होता, तो अजून आमच्या दारात आहे, दात भुईला टेकलेले. गेल्या महिन्यात एक माणूस तो बघायला आला. चांगला तरणा ड्रायव्हर. पंजाभोवती फिरला, आणि पाईप कसा आहे बघायला म्हणून त्यानं सरळ हात घातला.

मी आत भाकरी थापत होते. माझ्या घशातून जो आवाज निघाला तो माझा नव्हता. “हात न्हाई!”

तो दचकून दोन पावलं मागं सरला. मग हसला. “आजी, मशीनच जोडलेलं न्हाई. ह्यात तेल कुठनं येनार?”

खरं होतं त्याचं. तो पाईप कोरडा पडून वर्षं झाली, हे मला काय माहीत नाही? तरी मी पिठाच्या हातानं फळीवरचं चहाच्या पुड्यांचं खोकं काढलं, त्याची एक बाजू फाडली, आणि बाहेर जाऊन तो पुठ्ठा त्याच्या हातात दिला.